फिरत्या बिऱ्हाडाचा सूर्य : वाहनासाठी व तंबूसाठी सौर पॅनेल निवडताना

शिरूरहून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर न्हावरे हे गाव लागते. घोडगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे या गावाचे नाव जिल्ह्यात सर्वपरिचित आहे. भीमा आणि घोड या नद्यांच्या काठचा हा ऊसपट्टा शिरूर व दौंड अशा दोन्ही तालुक्यांत पसरलेला आहे. दिवाळीच्या आगेमागे गाळप हंगाम सुरू झाला, की अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर), बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या या पट्ट्यात उतरतात. मोकळ्या रानात बांबू, चटई आणि प्लॅस्टिकच्या कागदाच्या कोप्या उभ्या राहतात आणि पुढील चार-पाच महिने हेच त्यांचे घर असते. अशा तळावर अलीकडच्या काळात एक नवी वस्तू दिसू लागली आहे. कोपीशेजारच्या बांबूला बांधलेले किंवा बैलगाडीला टेकवून ठेवलेले छोटेसे काळे-निळे सौर पॅनेल.

याच शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली किंवा शेजारच्या पारनेर तालुक्यातील निघोजचे रांजणखळगे पाहण्यासाठी शहरातून मोटारी येतात. तंबू ठोकून रात्र काढण्याची हौस वाढली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून चाकांवरच्या घराची कल्पनाही परिचित झाली आहे. या पर्यटकालाही दिवा, मोबाइल, पंखा आणि जमल्यास छोटा फ्रीज चालविण्यासाठी सौर पॅनेल हवे असते.

हौसेचा तंबू आणि पोटासाठी उभारलेली कोपी यांची तुलना वरवर विजोड वाटेल. परंतु विजेचे गणित दोघांनाही एकच लागू होते. फरक आहे तो चुकीच्या किमतीत. पर्यटकाने चुकीचे पॅनेल घेतले, तर एक सुट्टी बिघडते. कामगाराने मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून चुकीचे पॅनेल घेतले, तर हंगाम अंधारात जातो. साप-विंचवाच्या रानात लहान मुले अंधारात झोपतात, पहाटे चारला चूल पेटवणारी बाई अंधारात चाचपडते, आणि रात्री रस्त्याने जाणाऱ्या बैलगाडीच्या मागे तांबडा दिवा नसतो. म्हणून निवडीचे शास्त्र कोपीपासून समजून घेणे अधिक उपयुक्त ठरेल. जो हिशेब कोपीत बरोबर बसतो, तो मोठ्या आकड्यांसह मोटारीतही बसतो.

आधी रात्र मोजावी

बहुतेक ग्राहक दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारतात, ‘किती वॅटचे पॅनेल घेऊ?’ वास्तविक हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत आपल्याला किती वीज लागते?

येथे वॅट आणि वॅट-तास यांतील भेद ध्यानात घ्यावा. गाडीचा वेग आणि तिने कापलेले अंतर यांत जो फरक, तोच या दोहोंत आहे. ५ वॅटचा दिवा ५ तास जळला, की २५ वॅट-तास वीज खर्च होते. बॅटरीत साठते ती वॅट-तासांत, आणि पॅनेलने दिवसभरात भरून द्यावयाची असते तीही वॅट-तासांतच.

एका कोपीचा हिशेब मांडून पाहू. ५ वॅटचे दोन एलईडी दिवे, संध्याकाळ व पहाट मिळून पाच तास, म्हणजे ५० वॅट-तास. एका स्मार्टफोनची बॅटरी साधारण १९ वॅट-तासांची असते, मात्र चार्जिंगमधील घट धरून २५ वॅट-तास धरावेत. एका साध्या बटणांच्या फोनला ५, हातातल्या विजेरीला ५ आणि बैलगाडीच्या मागील १ वॅटच्या तांबड्या दिव्याला पाच तासांचे ५. एकूण बेरीज ९० वॅट-तास होते.

हीच यादी प्रत्येकाने कागदावर लिहावी. उपकरणाचा वॅट-आकडा त्याच्या मागे किंवा चार्जरवर छापलेला असतो. त्याला तासांनी गुणावे. या कामी दहा मिनिटे लागतात, आणि अनेक फसलेल्या खरेदीच्या मुळाशी नेमकी हीच दहा मिनिटे वाचविलेली असतात.

ऊन तासांत मोजावे

पॅनेलवर लिहिलेले वॅट हे प्रयोगशाळेतील आकडे असतात. दर चौरस मीटरला १,००० वॅट इतका प्रकाश आणि पॅनेलमधील सौरघटांचे तापमान २५ अंश सेल्सिअस, अशा ठरावीक स्थितीत ते मोजले जातात. प्रत्यक्षात ऊन सकाळी कोवळे, दुपारी कडक आणि संध्याकाळी पुन्हा कोवळे असते. म्हणून दिवसभरातील सर्व ऊन एकत्र करून ते पूर्ण ताकदीच्या उन्हाच्या किती तासांइतके भरते, हे पाहिले जाते. त्याला सोयीसाठी ‘सूर्यतास’ म्हणू.

पुणे परिसरात आडव्या पृष्ठभागावर हिवाळ्यात सुमारे ५, एप्रिल-मे महिन्यांत साडेसहा ते ७ आणि ऐन पावसाळ्यात ४ च्या आसपास सूर्यतास मिळतात. हे आकडे सरासरीचे आहेत. दाट ढगांच्या दिवशी एक-दोन सूर्यतासांवरही समाधान मानावे लागते. याशिवाय उष्णता, धूळ, तारा व बॅटरी यांत मिळून साधारण ३० टक्के वीज वाटेतच गळते. म्हणून हिशेबाचे सोपे सूत्र असे : पॅनेलचे वॅट गुणिले सूर्यतास गुणिले ०.७, म्हणजे दिवसाकाठी खरोखर हाती येणारे वॅट-तास.

कोपीला ९० वॅट-तास हवेत. हिवाळ्याचे ५ सूर्यतास धरले, तर ९० भागिले साडेतीन, म्हणजे सुमारे २६ वॅट. परंतु काठावरचे पॅनेल घेऊ नये. ४० वॅटचे पॅनेल दिवसाला १४० वॅट-तास देते. एखादा ढगाळ दिवस वाया गेला, तरी पुढील दोन दिवसांत ते तूट भरून काढते. याउलट १० वॅटचे पॅनेल दिवसाला ३५ वॅट-तासच देऊ शकते. त्यावर एक दिवा पाच तास जळेल आणि एक साधा फोन चार्ज होईल, त्याहून अधिक काही नाही. पॅनेल खराब असल्याची तक्रार अशा वेळी केली जाते. वस्तुतः पॅनेल आपले काम चोख करीत असते, हिशेबच चुकलेला असतो.

ऋतू बदलला, की निवडही बदलते. न्हावऱ्याहून निघालेला रस्ता चौफुल्याला पुणे-सोलापूर महामार्गास मिळतो. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी याच महामार्गाने यवत व वरवंड येथे मुक्काम करीत पुढे जाते. समजा, एखाद्या दिंडीच्या ट्रकवर पन्नास फोन चार्ज करावयाचे आहेत आणि प्रत्येकी २० वॅट-तास धरले आहेत. गरज १,००० वॅट-तासांची झाली. जानेवारीच्या उन्हात त्यासाठी सुमारे २८५ वॅटचे पॅनेल पुरले असते. आषाढातील ढगाळ दिवसांसाठी ३ सूर्यतास धरले, तर तेथे सुमारे ४७५ वॅट लागतात. गाव तेच, रस्ता तोच, पण पॅनेल जवळजवळ पावणेदोन पट! प्रवास कोणत्या महिन्यात आहे, हे न विचारता पॅनेल सुचविणारा विक्रेता अर्धेच उत्तर देत असतो.

टेप घेऊन दुकानात जावे

आजच्या सिलिकॉन पॅनेलची कार्यक्षमता साधारण २० ते २२ टक्के असते. याचा अर्थ, एक चौरस मीटर पॅनेल पूर्ण उन्हात २०० ते २२० वॅट देते. १०० वॅटसाठी किमान अर्धा चौरस मीटर जागा लागणारच. त्याला कोणत्याही कंपनीकडे पळवाट नाही. जुन्या पद्धतीच्या बहुस्फटिकी पॅनेलची कार्यक्षमता १५ ते १७ टक्के असल्याने त्यांना आणखी मोठी जागा लागते. ती आता बाजारातून मागे पडत चालली आहेत.

या एका वस्तुस्थितीवरून बनावट दावे सहज ओळखता येतात. वर्तमानपत्राच्या एका पानाएवढ्या घडीच्या पॅनेलवर ‘३०० वॅट’ असे छापलेले असेल, तर तो आकडा खरा असू शकत नाही. लांबी व रुंदी मीटरमध्ये मोजावी, त्यांचा गुणाकार करावा आणि त्यास २०० ने गुणावे. छापलेला आकडा याहून फार मोठा असेल, तर ते पॅनेल तेथेच ठेवून द्यावे.

दुसरी कसोटी लेबलची. चांगल्या पॅनेलच्या पाठीवर पाच गोष्टी लिहिलेल्या असतात : कमाल शक्ती, कमाल शक्तीच्या वेळचे व्होल्टेज व प्रवाह, जोडणी नसतानाचे उघडे व्होल्टेज आणि लघुपरिपथ प्रवाह. कमाल शक्तीच्या वेळचे व्होल्टेज व प्रवाह यांचा गुणाकार लिहिलेल्या वॅटइतकाच यावयास हवा. सोबत भारतीय मानक ब्यूरोची खूण व नोंदणी क्रमांक आहे की नाही, हेही पाहावे. स्फटिकी सिलिकॉन पॅनेलसाठी आयएस १४२८६ हे मानक आहे. पक्के बिल घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलावरील कराचा आकडाही तपासून घ्यावा.

काच, लवचीक की घडीचे?

पॅनेलचे तीन प्रकार या कामासाठी उपलब्ध असतात. पहिला, ॲल्युमिनियमच्या चौकटीतील काचेचा. १०० वॅटच्या अशा पॅनेलचे वजन साधारण ६ ते ८ किलो असते. हा सर्वांत टिकाऊ प्रकार असून त्यावर बहुधा २५ वर्षांची उत्पादनक्षमतेची हमी मिळते. दुसरा, लवचीक पातळ पॅनेलचा. १०० वॅटला वजन २ किलोच्या आसपास. वाहनाच्या किंचित गोलसर टपावर ते चिकटविता येते. मात्र त्याची हमी थोड्याच वर्षांची असते. खाली हवा खेळत नसल्याने ते अधिक तापते, आणि पुन्हा पुन्हा वाकल्याने सौरघटांना सूक्ष्म तडे जातात. घ्यावयाचेच असेल, तर वरचे आवरण ईटीएफई या प्लॅस्टिकचे असलेले घ्यावे. स्वस्त पीईटी आवरण उन्हात लवकर पिवळे पडते. तिसरा प्रकार घडीच्या पॅनेलचा. मोटार सावलीत उभी करून पॅनेल उन्हात पसरता येते, हा त्याचा मोठा लाभ होय.

कोपीसाठी काचेच्या पॅनेलला पर्याय नाही. टोळीचा तळ हंगामात अनेकदा हलतो, सामान गाडीवर चढते-उतरते, तेव्हा काच फुटण्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही काच कडक केलेली असते. प्रवासात पॅनेल गोधड्यांच्या मध्ये उभे ठेवले, तर ते सहसा शाबूत राहते. मोटारीसाठी निवड वापरावर अवलंबून आहे. वाहन वर्षभर फिरणार असेल, तर टपावर चौकटीचे पॅनेल बसवावे. वर्षातून चार रात्रींसाठी घडीचे पॅनेल पुरे होते.

टपावर बसवताना पॅनेल व पत्रा यांत काही सेंटिमीटर मोकळी जागा सोडावी. सिलिकॉन पॅनेलची शक्ती तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३५ ते ०.४५ टक्के कमी होते. एप्रिलच्या दुपारी सौरघटांचे तापमान ६० अंशांवर गेले, तर १२ ते १६ टक्के वीज तेथेच जाते. अधिक ऊन म्हणजे अधिक वीज हे खरे. परंतु अधिक तापलेले पॅनेल म्हणजे कमी वीज, हेही तितकेच खरे आहे. टपावरील सामान वेगात सैल होऊन पडल्यास मागच्या वाहनाचा जीव जाऊ शकतो, म्हणून बोल्ट व कंस मजबूत असावेत. वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची बंधने आहेत. कायमस्वरूपी जोडणी करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे हिताचे.

सावलीचा हिशेब

पॅनेलमधील सौरघट एकामागे एक जोडलेले असतात. एका घटावर सावली पडली, की सबंध माळेतील प्रवाह अडतो. काही घटांच्या मागे वळणवाटेचे डायोड बसविलेले असतात, त्यामुळे नुकसान मर्यादित राहते. तरीही ३६ घटांच्या लहान पॅनेलमध्ये एका घटावरील गडद सावलीने निम्मी शक्ती जाऊ शकते. टपावरील कॅरियरची दांडी, बाभळीची फांदी, कोपीवरून लोंबणारा कागद, एवढेसे कारणही पुरते. म्हणून जागा निवडताना सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावली कोठे पडते, ते पाहावे.

पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे असावे. न्हावरे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य येथे क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच चढतो, त्यामुळे आडव्या ठेवलेल्या पॅनेलवर त्या वेळी त्याच्या शक्तीच्या तीन चतुर्थांशच ऊन पडते. ऊसतोडीच्या हंगामात पॅनेल ३० ते ३५ अंश कलते ठेवल्यास हे नुकसान बरेचसे भरून निघते. बांबूच्या दोन काठ्या आणि सुतळी एवढ्यावर हे काम होते. मेच्या मध्यास, शून्य सावलीच्या दिवसांत, सूर्य डोक्यावर असतो. तेव्हा मोटारीच्या टपावरचे आडवे पॅनेलही उत्तम चालते.

शेवटी धूळ. ऊसवाहतुकीच्या कच्च्या रस्त्यांची धूळ आणि पाचट जाळल्यानंतरची काजळी पॅनेलवर बसते. आठवड्यातून एक-दोनदा, सकाळी पॅनेल थंड असताना, मऊ ओल्या फडक्याने ते पुसावे. तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी ओतू नये, आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे थेंब तसेच वाळू देऊ नयेत.

पॅनेल दिवसा, फोन फडात

पुष्कळदा बॅटरीविना थेट फोन चार्ज करणारी छोटी पॅनेल स्वस्तात मिळतात. घाटवाटा तुडविणाऱ्या गिर्यारोहकाला पाठीवरच्या पिशवीवर अडकविण्यास ती ठीक आहेत. ऊसतोड कामगाराला मात्र त्यांचा उपयोग नाही. कारण पॅनेल दिवसा चालते आणि दिवसा फोन त्याच्या मालकाबरोबर फडात असतो. संध्याकाळी फोन कोपीत येतो, तेव्हा सूर्य गेलेला असतो. दिवसा कमावून रात्री देणारी बॅटरी ही म्हणून या सगळ्या व्यवस्थेचे हृदय आहे. दिवसभर स्थळदर्शन करून रात्री तंबूत परतणाऱ्या पर्यटकाचीही स्थिती याहून वेगळी नसते.

बॅटरीचे दोन प्रकार विचारात घेण्याजोगे आहेत. शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त व सर्वत्र दुरुस्त होणारी; परंतु ती जड असते आणि तिची निम्मीच क्षमता वापरावी लागते, अन्यथा आयुष्य झपाट्याने घटते. लिथियम लोह फॉस्फेट बॅटरी महाग. पण हलकी, ८० टक्के क्षमता निर्धास्त वापरता येणारी आणि सहसा दोन हजारांहून अधिक वेळा भरता-रिकामी करता येणारी. वारंवार हलणाऱ्या बिऱ्हाडाला दुसरा प्रकार अखेरीस स्वस्त पडतो. कोपीच्या दोन रात्रींची, म्हणजे १८० वॅट-तासांची सोय करावयाची, तर १२.८ व्होल्टची १८ ते २० अँपिअर-तासांची लिथियम लोह फॉस्फेट बॅटरी पुरते.

दोन इशारे आवश्यक आहेत. शिसे-आम्लाची बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सुटतो. ती बंद मोटारीत अथवा झोपण्याच्या जागी ठेवू नये. आणि लिथियम लोह फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली भरू नये. न्हावऱ्यात हा प्रश्न उद्भवत नाही, पण येथून लडाख-स्पितीला मोटार घेऊन जाणाऱ्यांनी तो विसरू नये. आपल्याकडील धोका उलट आहे. उन्हात बंद उभ्या मोटारीत बॅटरी भाजून निघते. मोटार सुरू करण्याची मूळ बॅटरी रात्रभर दिवे व फ्रीज चालविण्यासाठी नसते. ती वेगळीच ठेवावी.

पॅनेल व बॅटरी यांच्यामध्ये चार्ज नियंत्रक हवाच. ‘१२ व्होल्ट’ म्हणून विकले जाणारे ३६ घटांचे पॅनेल प्रत्यक्षात १८ व्होल्टच्या आसपास काम करते आणि उघडे असताना २१-२२ व्होल्ट दाखविते. ते थेट बॅटरीला जोडल्यास बॅटरी अतिभारित होऊन निकामी होते. साधा पीडब्ल्यूएम नियंत्रक पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. त्यामुळे १०० वॅटच्या पॅनेलमधून साडेपाच अँपिअर गुणिले १२.८ व्होल्ट, म्हणजे ७० वॅटच हाती येतात. एमपीपीटी नियंत्रक जास्तीच्या व्होल्टेजचे प्रवाहात रूपांतर करतो आणि ही गळती बव्हंशी वाचवितो. ४० वॅटच्या कोपीला पीडब्ल्यूएम चालेल, मात्र पॅनेल थोडे मोठे घ्यावे. १०० वॅटच्या पुढे एमपीपीटीचा खर्च भरून निघतो. घराच्या गच्चीवरचे ५४० वॅटचे पॅनेल स्वस्त पडते म्हणून कोणी ते वाहनावर चढविण्याचा मोह धरील, तर त्याचे उघडे व्होल्टेज ५० च्या जवळ असते, हे त्याने लक्षात ठेवावे. तेथे एमपीपीटी अनिवार्य आहे आणि त्याची व्होल्टेज मर्यादाही तपासावी लागते. नियंत्रकावर आपल्या बॅटरीचा प्रकार निवडण्याची सोय आहे ना, हे खात्रीपूर्वक विचारावे.

तारेत कंजुषी नको

कमी व्होल्टेजच्या व्यवस्थेत बारीक तार म्हणजे गळकी मोट. कोपीपासून आठ मीटर अंतरावर उन्हात पॅनेल ठेवले, तर जाऊन-येऊन सोळा मीटर तांब्याची तार होते. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत साडेपाच अँपिअर प्रवाहाला सुमारे १ व्होल्टची घट बसते; चार चौरस मिलिमीटरच्या तारेत ती ०.४ व्होल्टवर येते. तार तांब्याची व उन्हात न फाटणाऱ्या आवरणाची असावी.

बॅटरीच्या धन टोकापासून हाताच्या अंतरावर फ्यूज हवाच. कोपी वाळलेल्या पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या सान्निध्यात असते. तंबूही क्षणात पेट घेतो. लहानशा बॅटरीतूनही तारा एकमेकींना टेकल्यास मोठा प्रवाह वाहतो आणि तार लाल होते. काही रुपयांचा फ्यूज हा या सगळ्या सामानातील सर्वांत स्वस्त व सर्वांत मोलाचा भाग आहे.

मोटारीचा आणि बसचा हिशेब

आता हीच रीत मोटारीला लावू. १२ व्होल्टचा छोटा फ्रीज ४५ वॅटचा आणि एकूण वेळेच्या ४० टक्के चालणारा धरला, तर दिवसाला सुमारे ४३० वॅट-तास. दिव्यांना ४०, दोन फोनना ५०, लॅपटॉपला ६० आणि १५ वॅटच्या पंख्याला आठ तासांचे १२०. बेरीज ७०० वॅट-तास. हिवाळ्यात त्याला २०० वॅटचे पॅनेल लागते, म्हणजे १०० वॅटची दोन. लहान मोटारीच्या टपावर तेवढीच जागा असते. बॅटरी १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची घेतल्यास दीड दिवसाची सोय होते. पावसाळ्यात ३ सूर्यतास धरल्यास ३३० वॅट लागतील आणि ते टपावर मावणार नाहीत. अशा वेळी चालत्या मोटारीच्या अल्टरनेटरवरून दुसरी बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर घेणे शहाणपणाचे.

उष्णता निर्माण करणारी उपकरणे या यादीत आणू नयेत. १,५०० वॅटची इंडक्शन शेगडी अर्धा तास चालली, तरी ७५० वॅट-तास जातात. वरील संपूर्ण दिवसाच्या गरजेहून ते अधिक आहेत. स्वयंपाकासाठी गॅसची लहान शेगडीच बरी.

वाहनावर सर्व संसार सौर विजेने चालवावयाचा, तर काय लागते, याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. त्या वेळी आयआयटी मुंबईत प्राध्यापक असलेले चेतनसिंह सोळंकी यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये ‘एनर्जी स्वराज यात्रा’ सुरू केली आणि घर व कार्यालय म्हणून एका सौर बसचा आश्रय घेतला. २०३० पर्यंत चालावयाच्या या यात्रेच्या बसवर ३.२ किलोवॅटची पॅनेल असून ६ किलोवॅट-तासांची बॅटरी आहे. आपल्या सूत्राप्रमाणे ५ सूर्यतासांच्या दिवशी ती सुमारे ११ किलोवॅट-तास वीज देतील. म्हणजे वरील मोटारीच्या सोळापट पॅनेल आणि बसचे सबंध छत! विजेवर स्वयंपाक व वातानुकूलन यांची किंमत जागेच्या रूपाने अशी मोजावी लागते.

दुरुस्ती कोठे होणार?

सोळंकी यांच्याच पुढाकाराने आयआयटी मुंबईने २०१४ पासून महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान व ओडिशा या राज्यांत विद्यार्थ्यांसाठी १० लाख सौर अभ्यासदिव्यांचा कार्यक्रम राबविला होता. त्यात दिवे वाटण्याबरोबरच स्थानिक लोकांना ते जोडण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण देण्यात आले. खरेदीदाराने त्यातून घ्यावयाचा धडा साधा आहे. ज्या वस्तूची दुरुस्ती आपल्या वाटेवर होऊ शकते, तीच आपली. पॅनेल, नियंत्रक, बॅटरी आणि दिवे सुटे असतील, तर बिघडलेला एकच भाग बदलता येतो. सर्व काही एका चकचकीत पेटीत बंद असेल, तर एका छोट्या बिघाडाने सारेच निकामी होते. पर्यटकाला ती पेटी कंपनीकडे पाठवून महिनाभर थांबता येते. पाच महिन्यांच्या हंगामात कामगाराचा एक महिना म्हणजे एक पंचमांश आयुष्यकाळच होय.

खरेदीपूर्वी एवढे पाहावे

आपली रोजची गरज वॅट-तासांत लिहिली आहे काय? प्रवास कोणत्या ऋतूत आहे? पॅनेलची लांबी-रुंदी व छापील वॅट यांचा मेळ बसतो काय? बॅटरी दोन रात्री पुरेल काय? नियंत्रक त्या बॅटरीला व पॅनेलला अनुरूप आहे काय? तार जाड आणि फ्यूज जागेवर आहे काय? बिघाड झाल्यास कोणता भाग कोठे मिळेल? या सात प्रश्नांची उत्तरे मिळाली, की पॅनेलचा आकडा आपोआप समोर येतो.

आणि एक आठवी गोष्ट. हंगामात शिरूर-चौफुला रस्त्याने रात्री जाताना पुढील उसाच्या गाडीमागे तांबडा ठिपका दिसला, तर वाहनचालक वेळीच वेग आवरतो. हा ठिपका १ वॅटचा असतो. रात्रभराच्या हिशेबात तो ५ वॅट-तासांचा, म्हणजे कोपीच्या गरजेच्या अठरावा हिस्सा आहे. यादी करताना तो सर्वांत शेवटी आठवतो. वास्तविक त्याची नोंद सर्वांत वर व्हावयास हवी.